फुलमळ्यातली लेक आणि जगाचे घाटरस्ते

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून थोडे आत, डोंगराच्या उतारावर ग्रास नावाचे गाव वसले आहे. अत्तराच्या धंद्याचे हे माहेरघर. फार पूर्वी तिथे कातडी कमावण्याचा धंदा जोरात होता. कातडी हातमोज्यांचा उग्र वास मारण्यासाठी फुलांचा सुगंध वापरायला सुरुवात झाली आणि हळूहळू कातडे मागे पडून फुलेच पुढे आली. फूलशेतीपासून अत्तर जुळवण्यापर्यंतचे तिथले सारे कसब युनेस्कोने २०१८ मध्ये जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवले आहे.

या भागात मुख्यतः दोन फुलझाडे. एक गुलाब, तो मे महिन्यात फुलतो आणि काही आठवड्यांत त्याचा हंगाम संपतोही. दुसरी मोठ्या फुलाची जाई. तिची तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. जाई पहाटे तोडायची, कारण ऊन चढले की वास उडून जातो. एक किलो वजन भरायला आठ ते दहा हजार फुले लागतात. ज्यांनी आपल्याकडे मोगऱ्याची कळी तोडली आहे, त्यांना हे काम किती चिकाटीचे असते हे वेगळे सांगायला नको.

अशाच गुलाब आणि जाई पिकवणाऱ्या एका घरात २३ जून १९५१ रोजी एक मुलगी जन्मली. तिचे नाव मिशेल मुटाँ. पुढे ही मुलगी दगडगोट्यांच्या, बर्फाच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर मोटार हाकून जगातल्या नामवंत पुरुष चालकांना मागे टाकणार होती. जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या मालिकेत तिने चार शर्यती जिंकल्या. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, पण या मालिकेतली एकही शर्यत दुसऱ्या कोणा महिला चालकाने आजवर जिंकलेली नाही. शेतकऱ्याच्या घरातून निघालेल्या या लेकीची हकिगत आपल्या घरांतही वाचली जावी, म्हणून हा लेख.

शेतकऱ्यासाठी केलेली मोटार

मिशेलने स्टेअरिंग हातात धरले ते चौदाव्या वर्षी. गाडी होती वडिलांची सिट्रोएन टू-सीव्ही. या गाडीची गोष्ट मोठी गमतीची आहे. कंपनीच्या मालकांनी आपल्या कारागिरांना सांगितले होते, की आपल्याला खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी मोटार करायची आहे. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली पाहिजे. अंड्यांची पाटी ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली, तरी अंडे फुटता कामा नये. त्याप्रमाणे १९४८ मध्ये ही मोटार लोकांपुढे आली. इंजिन अवघे ३७५ सीसीचे आणि ताकद नऊ अश्वशक्तीची. दिसायला ओबडधोबड, पण मळ्यात, बाजारात, डोंगरात कुठेही चालणारी.

मिशेलचे वडील पिएर मुटाँ यांना मोटारींचे आणि वेगाचे भारी वेड. परंतु त्यांच्या उमेदीची पाच वर्षे दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून गेली. घरी परतल्यावर शेती आणि संसार यांतून स्वतःची हौस पुरी करणे त्यांना जमले नाही. मुलीच्या हाताला ते कसब आहे हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

एक वर्षाची मुदत

मिशेलने कायद्याचे शिक्षण सुरू केले होते. चार घरांप्रमाणे तिचेही आयुष्य सरळ रेषेत गेले असते. पण १९७२ मध्ये रॅलीत भाग घेणाऱ्या एका मित्राने कॉर्सिका बेटावरच्या शर्यतीच्या सरावासाठी तिला सोबत बोलावले. पुढल्या जानेवारीत, १९७३ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत, ती त्याच्या शेजारी बसून वाट सांगणारी सहचालक झाली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली ती पहिलीच शर्यत. म्हणजे ही मालिका आणि मिशेल यांची सुरुवात बरोबरच झाली म्हणायची.

वडिलांना काळजी वाटू लागली. गाडी दुसऱ्याच्या हाती, आणि आपली लेक शेजारी बसलेली. गाडी धड आहे का, चालवणारा धड आहे का, कोण पाहणार? आपल्याकडचा एखादा बाप म्हणाला असता, पुरे झाले आता, घरी बस. पिएररावांनी निराळा तोडगा काढला. ते म्हणाले, तुला हेच करायचे असेल तर दुसऱ्याच्या शेजारी बसू नकोस, स्वतः चालव. गाडी मी घेऊन देतो. तुला एक वर्ष दिले. त्यात काय ते करून दाखव.

त्यांनी तिला आल्पीन ए-११० ही लहानशी, मागे इंजिन असलेली चपळ मोटार घेऊन दिली. वर्षभरात जमले नाही तर हा नाद सोडायचा, असा चोख व्यवहार. मुदत घातली खरी, पण साधन हातचे राखून दिले नाही, ही गोष्ट या व्यवहारात महत्त्वाची.

वर्ष वाया गेले नाही. १९७४ मध्ये कॉर्सिकाच्या जागतिक शर्यतीत ती स्वतः चालक म्हणून उतरली आणि बारावी आली. फ्रान्समधले महिलांचे अजिंक्यपद तिने १९७४ आणि १९७५ अशी दोन्ही वर्षे मिळवले. तेव्हा एक गंमत झाली. एवढीशी पोरगी इतक्या वेगाने जाते म्हणजे हिच्या इंजिनात काहीतरी कारागिरी केलेली असणार, अशी कुजबुज सुरू झाली. तपासनीसांनी गाडी तपासली. इंजिन अगदी नियमाबरहुकूम निघाले! कारागिरी होती ती हातात आणि डोक्यात.

रॅली म्हणजे काय?

ज्यांनी रॅली पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. मोटारींची शर्यत म्हटले की गोल मैदानावर वीस-पंचवीस गाड्या एकमेकींना घासत धावताहेत, असे चित्र डोळ्यांपुढे येते. रॅली तशी नसते. ती बरीचशी आपल्या पुणे भागातल्या घाटातल्या बैलगाडा शर्यतीसारखी आहे. तिथे प्रत्येक गाडा आपापल्या पाळीला एकटा सुटतो आणि घड्याळावर सेकंद मोजले जातात. रॅलीतही मोटारी ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यांचे तुकडे ठरवलेले असतात. प्रत्येक तुकड्याला लागलेला वेळ मोजतात आणि तीन-चार दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला.

रस्ते तरी कसे? कुठे डांबरी घाट, कुठे मुरूम आणि खडी, कुठे बर्फ, कुठे जंगलातला चिखल. रात्रीची धाव असते, धुक्यातलीही असते. चालकाच्या शेजारी सहचालक बसतो. शर्यतीआधी दोघे मिळून सारा रस्ता हळू वेगाने पाहून घेतात आणि वहीत प्रत्येक वळणाची नोंद करतात: किती अंतरावर, डावे की उजवे, किती तीव्र, पुढे खड्डा आहे की चढाव. शर्यतीत सहचालक ती वही मोठ्याने वाचत राहतो आणि त्याच्या शब्दावर विसंबून चालक न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. वाचणाऱ्याची एक ओळ चुकली तर गाडी दरीत. तेव्हा रॅली ही एकट्याची शर्यत नाही. एकमेकांवर पुरा भरवसा असलेल्या दोघांची ती जोडी असते, बैलजोडीसारखीच.

निराळ्या बक्षिसावर समाधान नाही

त्या काळी रॅलीत महिला नव्हत्या असे नाही. इंग्लंडच्या पॅट मॉस यांनी १९६० मध्ये लिएज-रोम-लिएज ही खडतर शर्यत पुरुषांना हरवून जिंकली होती. तरीसुद्धा आयोजक महिलांसाठी एक निराळा करंडक ठेवत आणि बहुतेकींची दखल तेवढ्यापुरतीच घेतली जाई. मिशेलने ते करंडक घेतले, पण तिची नजर एकंदर यादीवर असे. पहिल्या क्रमांकापासून आपण किती सेकंद मागे आहोत, हा तिचा हिशेब.

१९७५ मध्ये ती लमाँ येथील चोवीस तासांच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरली. क्रिस्तीन दाक्रेमाँ आणि मारियान हॉफ्नर या दोघी तिच्या जोडीला. तिघी महिलाच एका गाडीवर. मध्येच पाऊस आला. तिच्या गाडीला कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर होते. आत येऊन टायर बदल, असा निरोप येत होता. पण ओल्या रस्त्यावरही ती एकेकाला मागे टाकत होती आणि थांबायला तयार नव्हती. दोन लिटर इंजिनाच्या गटात या तिघींची गाडी पहिली आली.

१९७७ मध्ये पोर्श गाडी घेऊन तिने स्पेनमधली एक मोठी रॅली जिंकली आणि युरोपच्या अजिंक्यपदात दुसरा क्रमांक मिळवला. फियाट कंपनीच्या फ्रान्समधल्या शाखेने तिला आपल्या संघात घेतले. १९७८ मध्ये तिने फ्रान्सची प्रदक्षिणा घालणारी ‘टूर द फ्रान्स’ ही मोटारींची शर्यत जिंकली. घरच्या पैशावर सुरू झालेला प्रवास आता पगारावर चालू लागला होता.

चारही चाकांना जोर

इथे थोडे यंत्राविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे चटकन समजेल.

साध्या ट्रॅक्टरला इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्यातले एक चाक चिखलात गेले की ते जागच्या जागी गरगर फिरू लागते, दुसरे तसेच उभे राहते आणि ट्रॅक्टर अडकून पडतो. अशा वेळी आपण डिफरन्शियल लॉकचा दांडा दाबतो. पुढच्या चाकांनाही जोर दिलेला ट्रॅक्टर मात्र त्याच चिखलातून निघून जातो. जीपचे तसेच. मग हीच सोय शर्यतीच्या मोटारीला का नको? त्या वेळचे जाणकार म्हणत, की त्यामुळे गाडी जड होईल, यंत्र किचकट होईल आणि मोडेल.

जर्मनीच्या आउडी कंपनीच्या लोकांनी १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात काही गाड्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत ‘इल्टिस’ नावाची जीपसारखी लष्करी गाडी होती. तिची ताकद केवळ ७५ अश्वशक्ती. पण बर्फावर ती दुप्पट ताकदीच्या मोटारींना मागे टाकू लागली. कारण एकच: जोर चारही चाकांना. योर्ग बेन्झिंगर या अभियंत्याने तिथूनच कल्पना उचलली आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वात्रो’ ही मोटार लोकांपुढे आली. क्वात्रो म्हणजे इटालियन भाषेत चार. रॅलीसाठी तयार केलेल्या क्वात्रोची ताकद ३०० अश्वशक्तीच्या वर होती.

ही नवी, जड, नाकाकडे ओझे असलेली गाडी चालवायला कंपनीने दोन चालक निवडले. एक फिनलंडचे अनुभवी हानू मिकोला आणि दुसरी मिशेल मुटाँ. जाहिरातीसाठी एक बाई घेतली, असे काहींनी म्हटले. त्याचे उत्तर घड्याळाने द्यायचे होते.

सानरेमो, १९८१

१९८१ च्या मोसमाची सुरुवात काही बरी झाली नाही. मॉन्टे कार्लोत इंधनात घाण गेल्यामुळे तिला शर्यत सोडावी लागली. पोर्तुगालमध्ये ती चौथी आली. या वर्षापासून तिच्या शेजारी इटलीची फाब्रित्सिया पॉन्स बसू लागली. फाब्रित्सिया स्वतः आधी गाडी चालवणारी. त्यामुळे चालकाला कोणता शब्द केव्हा हवा, हे तिला अचूक कळे.

ऑक्टोबर १९८१ मध्ये इटलीत सानरेमोची रॅली झाली. सानरेमो हेसुद्धा फुलांचेच गाव. त्या किनाऱ्याला ‘फुलांचा किनारा’ असेच नाव आहे. ग्रासच्या मुलीला ही जागा परकी वाटायचे कारण नव्हते. मधल्या टप्प्यात मुरमाचे रस्ते होते. तिथे क्वात्रो उत्तम चालली आणि मिशेल पहिल्या जागेवर आली. शेवटच्या रात्री मात्र पुन्हा डांबरी घाट. तिथे हलक्या गाड्यांचा फायदा. मागून फिनलंडचे आरी वातानेन फोर्ड घेऊन चढत होते. अंतर साधारण अर्ध्या मिनिटाचे उरले होते. साऱ्यांना वाटले, आता ही दडपणाखाली चुकणार.

चूक झाली ती वातानेन यांची. घाईत त्यांची गाडी खडकावर आदळली. मिशेल आणि फाब्रित्सिया शेवटपर्यंत शांतपणे चालत राहिल्या आणि पहिल्या आल्या. जागतिक मालिकेतली शर्यत महिला चालकाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या क्रमांकावर फिनलंडचे तरुण हेन्री टोइवोनेन होते. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर

१९८२ साल हे मिशेलचे सर्वांत मोठे वर्ष. सुरुवात अपघाताने झाली. मॉन्टे कार्लोच्या निसरड्या रस्त्यावर गाडी एका घराच्या भिंतीवर आदळली. पण मार्चमध्ये पोर्तुगाल जिंकले. नंतर ग्रीसची अक्रोपोलिस रॅली. तिथले दगड गाडीच्या तळाची चाळण करतात. तीही तिने जिंकली. ऑगस्टमध्ये ब्राझील जिंकले. ग्रीस आणि ब्राझील या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर होते जर्मनीचे वॉल्टर रॉर्ल, ओपेल गाडीवर.

आता खरी लढत या दोघांत उरली. रॉर्ल हे आधीचे जगज्जेते, अत्यंत अचूक चालक. मिशेलजवळ वेगवान गाडी, पण ती मधूनमधून मोडणारी. रॉर्लची गाडी जुन्या धाटणीची, पण प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पोचणारी. इतर काही ठिकाणी मिशेलची शर्यत यंत्राच्या बिघाडाने किंवा अपघाताने अर्धवट राहिली, तर रॉर्ल थोडे थोडे गुण साठवत गेले. एका बाईकडून हरणे आपल्याला सोसणार नाही, अशा अर्थाचे बोलही त्या वेळी त्यांच्या तोंडून गेले. तिच्या कसबाविषयी त्यांना शंका नव्हती. शंका असती तर बोलण्याची वेळच आली नसती!

ऑक्टोबरच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात शेवटून दुसरी रॅली होती. रॉर्ल थोड्याच गुणांनी पुढे होते. इथे मिशेल जिंकली असती, तर अजिंक्यपद हाताशी आले असते.

आयव्हरी कोस्ट

शर्यत सुटण्याच्या तोंडावर ग्रासहून फोन आला. वडील गेले. ते कर्करोगाने आजारी होते.

घरापासून हजारो मैलांवर, मोटार तयार उभी, आणि ही बातमी. मिशेलला परत फिरायचे होते. आईने तिला सांगितले, की तू शर्यत पुरी कर. त्यांची तीच इच्छा होती. ज्या माणसाने एक वर्षाची मुदत घालून तिला गाडी घेऊन दिली, त्याच्यासाठी शेवटचे काम म्हणून ती पुन्हा स्टेअरिंगवर बसली. मोठ्या मनाची ती माउली! स्वतःचे दुःख आवरून तिने लेकीला पुढे पाठवले. आपल्याकडेही घरात असा प्रसंग आला की बाया डोळे पुसून आधी गुरांना पाणी दाखवतात, त्यातलाच हा धीर.

आयव्हरी कोस्टची रॅली म्हणजे लाल मातीचे लांबच लांब रस्ते, खेडी, गुरे, उष्मा आणि धूळ. मिशेल सुरुवातीपासून अशी चालली की काही काळ तिची आघाडी रॉर्लवर एक तास वीस मिनिटांची झाली होती. सेकंदांनी शर्यती ठरतात, तिथे एक तास वीस मिनिटे! मग गिअरबॉक्सने दगा दिला. तो बदलण्यात वेळ गेला. पुढे इंजिनाच्या इंधनयंत्रणेत बिघाड. आघाडी वितळत गेली, आणि शेवटी रॉर्ल पुढे गेले. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तिने धुक्यातही वेग कमी केला नाही. गाडी रस्ता सोडून उलटली. दोघी सुखरूप होत्या. पण गाडी पुढे चालण्याजोगी उरली नाही.

रॉर्ल यांनी ती शर्यत जिंकली आणि अजिंक्यपदही. वर्षाअखेरीचा हिशेब असा: रॉर्ल १०९ गुण, मिशेल ९७ गुण. इंग्लंडमधल्या शेवटच्या रॅलीत ती दुसरी आली, आणि तिच्या तीन विजयांच्या बळावर आउडी कंपनीला उत्पादकांचे अजिंक्यपद मिळाले. स्वतःचे मात्र बारा गुणांनी राहिले. जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या इतक्या जवळ आजवर कोणतीही महिला चालक पोचलेली नाही.

कर्जाचे हप्ते फेडत आणलेले पीक कापणीच्या आदल्या आठवड्यात गारपिटीने झोपावे, तसा हा प्रकार. शेतकऱ्याला हे दुःख समजते. आणि त्यानंतर काय करायचे तेही शेतकऱ्याला ठाऊक असते: पुन्हा नांगरट.

ढगांच्या वरची शर्यत

पुढल्या दोन वर्षांत मिशेलच्या वाट्याला जागतिक मालिकेत विजय आला नाही. १९८४ पासून तिला संघात संधीही कमी मिळू लागली. पण एक मोठे काम बाकी होते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. उंची ४,३०२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. त्याच्या माथ्यापर्यंत सुमारे २० किलोमीटरचा घाट जातो आणि त्यात १५६ वळणे आहेत. त्या काळी हा घाट मातीचा होता. संपूर्ण डांबरीकरण २०११ मध्ये पुरे झाले. वर जाताना हवा विरळ होते. हवा कमी म्हणजे इंजिनाला प्राणवायू कमी, आणि ताकद घटते. जिथे टर्बो म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा असतो, तिथे ही घट कमी जाणवते. क्वात्रोला टर्बो होता आणि चारही चाकांना जोर होता. कठड्यावाचूनच्या त्या वळणांवर चालवणाराही तसाच हवा होता.

१९८५ च्या उन्हाळ्यात मिशेलने हा घाट ११ मिनिटे २५.३९ सेकंदांत सर केला. त्या डोंगरावर अमेरिकेतल्या नामवंत घराण्यांचे वर्चस्व होते. आधीचा विक्रम ११ मिनिटे ३८ सेकंदांचा, अल अन्सर धाकटे यांचा. तेरा सेकंदांनी तो मोडला. पुढल्याच वर्षी त्याच घराण्यातले बॉबी अन्सर आउडीच घेऊन आले आणि त्यांनी हा विक्रम मोडला. परक्या देशातून येऊन एका बाईने केलेला विक्रम त्यांना किती झोंबला असेल, याची कल्पना येते.

कुठे थांबावे

१९८६ मध्ये मिशेल प्यूजो कंपनीच्या गाडीवर जर्मनीच्या राष्ट्रीय रॅली मालिकेत उतरली आणि तिने ते अजिंक्यपद जिंकले. पण त्याच वर्षी रॅलीच्या जगावर काळी छाया पडली.

तेव्हाच्या ‘ब’ गटातल्या मोटारी फार हलक्या आणि फार ताकदवान झाल्या होत्या. एक टनाच्या आसपास वजन आणि चारशेच्या वर अश्वशक्ती. पोर्तुगालच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसे दगावली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात हेन्री टोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांची गाडी दरीत कोसळून पेटली, दोघेही गेले. सानरेमोत मिशेलच्या मागे दुसरा आलेला तोच तरुण. यानंतर या गटातल्या गाड्यांवर पुढल्या वर्षापासून बंदी आली. मिशेलनेही तिथेच थांबायचे ठरवले. १९८७ मध्ये तिला मुलगी झाली.

थांबली, पण खेळ सोडला नाही. १९८८ मध्ये टोइवोनेन यांच्या स्मरणार्थ तिने एका सहकाऱ्याबरोबर ‘विजेत्यांची शर्यत’ सुरू केली. पुढे जागतिक मोटार संघटनेने महिलांसाठी आयोग नेमला, तेव्हा त्याची पहिली अध्यक्ष तीच झाली. रॅलीतल्या सुरक्षिततेचे कामही तिने अनेक वर्षे पाहिले. २०११ मध्ये फ्रान्स सरकारने ‘लीजन ऑफ ऑनर’ हा मान दिला. तिची जोडीदारीण फाब्रित्सिया हिने १९९७ मध्ये पिएरो लिआत्ती यांच्या शेजारी बसून मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. म्हणजे ही जोडी सुटल्यावरही दोघींचे काम चालूच राहिले.

आपल्या घरांपुरते

मोटारीच्या शर्यती हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. खरे आहे, प्रत्येक घरातून रॅलीची गाडी निघायची नाही, निघायची गरजही नाही. पण या हकिगतीत दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, यंत्र माणूस ओळखत नाही. क्लच कोणी दाबला, बाप्याने की बाईने, हे गिअरबॉक्सला कळत नाही. आजही आपल्या कित्येक घरांत खुरपणी, तोडणी, वेचणी ही पाठ मोडणारी कामे बायका करतात आणि ट्रॅक्टर, फवारणी पंप, मळणी यंत्र आले की ते पुरुषांच्या हाती जाते. कष्ट एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे, ही वाटणी घरालाही परवडणारी नाही. ऐन पेरणीत घरचा गडी आजारी पडला आणि घरात ट्रॅक्टर चालवणारे दुसरे कोणी नसले, म्हणजे वाफसा कसा निघून जातो ते आपण पाहतोच.

दुसरी, शिकवायचे तर रीतसर शिकवावे. मिशेलने चौदाव्या वर्षी गाडी धरली म्हणून आपण पोरांच्या हाती किल्ली देऊ नये. आपल्याकडे ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षापासून मिळतो. तो काढावा, मगच रस्त्यावर जावे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणाला बसवू नये. फिरत्या शाफ्टजवळ साडीचा पदर, ओढणी किंवा मोकळे केस जाऊ देऊ नयेत. शाफ्टवरचे आवरण काढून ठेवू नये. मिशेलने वेगाचा खेळ केला, पण तिच्या अंगात पट्टा आणि डोक्यावर शिरस्त्राण नेहमी असे.

तिसरी गोष्ट पिएररावांची. मुलीला हवे ते करू देणे वेगळे आणि तिच्या मागे उभे राहणे वेगळे. त्यांनी मुदत घातली, पैसा घातला, आणि मुदतीत कामाचा कस पाहिला. नवी बियाणी, नवे पीक घेताना आपण हेच करतो: एका वर्षासाठी चार गुंठे राखून पाहतो, त्याला खतपाणी मात्र पुरे देतो. अर्धे खत घालून पीक आले नाही म्हणणारा शेतकरी शहाणा नव्हे. घरातली लेक नर्सिंगला जायचे म्हणो, डेअरी काढायची म्हणो, की पोकलेन चालवायला शिकायचे म्हणो. तिच्यासाठीही असे चार गुंठे राखता येतील.

ग्रासच्या परिसरात आजही मे महिन्यात गुलाब आणि ऑगस्टपासून जाई फुलते, आणि पहाटेच्या ओल्या फुलांची तोडणी हातांनीच होते. फुले तोडणारे हात आणि घाटात स्टेअरिंग फिरवणारे हात एकाच घरातले असू शकतात, हे तिथल्या एका शेतकऱ्याने वेळेवर ओळखले. आपल्या मळ्यातही असे हात असतील. या हंगामात एकदा नीट पाहावे.